हायवेच्या अलीकडच्या बाया

नर्सबाई तपासून घ्यायला आलेल्या बाईला "काय होतंय?" असं आधी विचारतच नसत. दंडाला बीपीचा पट्टा बांधता बांधता त्यांचा पहिला प्रश्न असे, "तुझी शेजारीण का न्हाई आली?" मग तिची जाऊ, मग जावेची आई. गाव त्यांना पाठीमागे 'चौकशीबाई' म्हणे. त्यांना ते माहीत होतं; कोण कोण म्हणतं, याचीही चौकशी त्यांनी करून ठेवली होती.

शहागडजवळच्या त्या गावातलं जुनं उपकेंद्र बंद होऊन हायवेच्या पलीकडे नवी इमारत झाली होती. या बदलाचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम झाला, हे पाहायला जालन्याहून मला पाठवलं होतं. नोकरी नवी, हातात छापील फॉर्म. रजिस्टरमध्ये रुग्ण वाढलेले दिसले. मी खूश होऊन तसं बोललो.

"रजिस्टर बराबर हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "पण हे समदे हायवेच्या कडेचे लोक. माझ्या जुन्या बाया यात दिसून न्हाई राह्यल्या. या गर्दीतून उठून जायला मला सवड मिळंना. आज तुम्ही आलात, तर चला. का येत न्हाईत, विचारू."

हायवेच्या कडेला आम्ही उभे राहिलो. ट्रकमागून ट्रक. अखेर गावाच्या बाजूला पोचल्यावर बाईंनी घड्याळ पाहिलं. "सहा मिनिटं. अन् आपले पाय धड हायेत."

पहिलं घर भागाबाईंचं. साठीच्या, बीपीच्या जुन्या रुग्ण.

"गोळ्या?"

"सरल्या. दिवाळीलाच."

"मंग आल्या का न्हाई?"

"दोनदा आल्ते की रस्त्यापस्तोर. गाड्या थांबंनात, मंग माघारी गेल्ते."

तक्रारीचा सूरही नव्हता. पण त्यांची जीभ जड पडत होती, आणि पाण्याचा तांब्या उजव्या हातातून निसटला. बाईंनी तो हात धरला अन् मला म्हणाल्या, "गाडी आणा. जल्दी." मी पळत जाऊन ऑफिसची जीप आणली.

भागाबाई वाचल्या. उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला.

त्या दिवशी त्यांना जालन्याच्या दवाखान्यात दाखल करून आम्ही परतत होतो. बाई म्हणाल्या, "नव्या इमारतीच्या कागदावर सही माझीच हाय, साहेब. नळाचं पाणी, पंखा, मला बी पाहिजे होतं. जगाला इचारत फिरते, पण बायांना एवढंच इचारायचं राह्यलं."

फॉर्ममध्ये न आलेल्यांसाठी रकाना नव्हता. "मंग पाठीमागं लिवा," त्या म्हणाल्या. चार दिवस आम्ही घरोघर फिरलो आणि फॉर्मची मागची बाजू नावांनी भरून गेली.

काही महिन्यांनी आदेश निघाला. जुनी इमारत आठवड्यातून दोन दिवस उघडायची. मी मोठ्या उत्साहानं कागद घेऊन गेलो.

"वार कोणते?"

"मंगळवार, शुक्रवार."

"शुक्रवारी बाजार असतो. ठरवताना कोणाला इचारलं?"

वार मीच सुचवले होते, आणि कोणालाच विचारलं नव्हतं. शुक्रवारचा बुधवार केला.

त्याच वर्षी बाई निवृत्त होऊन पिंपळगाव रेणुकाईला, भावाकडे निघाल्या. शेवटच्या दिवशी नव्या नर्सला घेऊन त्या घरोघर गेल्या. "हिचा हात माझ्यापरीस हलका हाय," असं प्रत्येकीला सांगत होत्या. भागाबाईंच्या सुनेनं कुंकवाची कोयरी आणली, तेव्हा भागाबाईंनी ती स्वतःकडे ओढली.

"डाव्या हातानं लावते. चालंल नव्हं?"

बाईंनी नुसतं कपाळ पुढे केलं. कुंकू बरंच तिरपं लागलं. त्यांनी ते नीट केलं नाही. तशाच एसटीत जाऊन बसल्या.