शंभरामागं पंधराची साक्ष

दौंडला चर्चच्या मागच्या आळीत कुणाकडे पाहुणा आला, की त्याला आधी एबनेझर उजागरे दाखवतात. "हे आमचे मामा. ह्यांची नाणी अंडी घालतात." मामा हसून घेतात, हसताना कवळी सांभाळतात. बायको गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळे आळीची टवाळीसुद्धा त्यांना सोबतीसारखी वाटते.

उभा जन्म त्यांनी पाटसच्या बाजूला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढला. उसातून किती साखर निघाली याची टक्केवारी काढायची. तिला तिथं रिकव्हरी म्हणतात. निवृत्त झाल्यावर मुलगा ख्रिस्तोफर, जो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यानं बापाच्या मोबाइलवर स्टेकिंग सुरू करून दिलं. म्हणजे एका ब्लॉकचेनची डिजिटल नाणी घ्यायची आणि खर्च न करता त्याच जाळ्यात अडकवून ठेवायची. त्या तारणावर जाळ्यातले संगणक व्यवहार तपासतात आणि नाणी ठेवणाऱ्याला मोबदल्यात नवी नाणी मिळतात. मामांना पहिल्या वर्षी शंभरामागं पंधरा मिळाली. कारखान्यात चांगल्या हंगामातही रिकव्हरी बाराच्या आसपास घुटमळताना पाहिलेला हा माणूस! पंधराचा आकडा बघून हरखून गेला.

पण मामा एकट्यानं हरखणारे नव्हेत. दर महिन्याला नव्या नाण्यांतला दहावा हिस्सा मोडून ते चर्चला दशमांश देऊ लागले. गेल्या वर्षी कापणीच्या सणाला, लोक भोपळे, ज्वारीची कणसं आणि कोंबड्या वेदीपुढं ठेवत होते, तेव्हा ते उभे राहिले आणि भर उपासनेत साक्ष दिली, की प्रभूनं माझी शंभराची एकशेपंधरा केली. तरण्या पोरांनी लगेच मोबाइल काढले. पाळकांनी डोळे वटारले, मग स्वतःचाही चाचपला, असं आळीत अजून सांगतात.

ती साक्ष सणाला आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनंही ऐकली होती. दयाबाई शिरूरला भाड्याच्या घरात राहते, नर्स म्हणून निवृत्त झाली, नवरा नाही, मूल नाही. या वर्षी आळीतल्या हौसरावांनी आपल्या दोन खोल्या विकायला काढल्या. दयाबाईच्या गाठीला एकाच खोलीपुरतं होतं. हौसराव दोन वर्षं थांबायला तयार झाले. तेवढ्यात पैसा भावाच्या नाण्यांत वाढवायचा आणि दोन्ही खोल्या घेऊन भावाशेजारी यायचं, असं तिनं ठरवलं. यंदाच्या सणाच्या आठवड्यात ती मुक्कामालाच आली. मामांनी तिच्यासाठी दारापुढचा चिखलसुद्धा उकरून काढला.

चहा पिताना तिनं विचारलं, "एबा, साखर उसातनं येती. तुझी ही पंधरा कशातनं येत्यात?"

"जाळ्यातनं."

"जाळं काय पिकतं व्हय?"

मामांनी कपबशी खाली ठेवली आणि मोबाइल हातात घेतला. ती न्हाणीघरात गेल्यावर त्यांनी त्या नाण्याची माहिती उघडली. आपली किती, एवढंच ते आजवर बघत आले होते. साऱ्यांची मिळून किती, हे आज पहिल्यांदा बघितलं. वर्षात जाळ्यातल्या एकूण नाण्यांची शंभराची एकशेचौदा झाली होती. नवी नाणी नुसती छापली जात होती, आणि नाणी अडकवून ठेवणाऱ्या सगळ्यांनाच वाटली जात होती. मामांच्या शंभराची एकशेपंधरा झाली, त्यातली दीड चर्चला गेली, उरली एकशे साडेतेरा. साऱ्यांची वाढ चौदा, आणि त्यांची साडेतेरा. त्यांचा वाटा वाढला नव्हता, केसभर घटलाच होता. वाढीतलं दान म्हणून ते मुद्दलातलं देत आले होते.

त्यांनी ख्रिस्तोफरला फोन लावला.

"हो पप्पा, ते इन्फ्लेशन असतंच. सगळ्यांना माहीत असतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही इतके खूश होता."

मामांनी फोन ठेवला. आतून दयाबाईच्या गाण्याचा आवाज येत होता. तिला सांगितलं तर ती येणार नाही; नाही सांगितलं तर येईल, पण दोन वर्षांनी हातात काय घेऊन येईल? नाण्याचा भाव चढला तर बरं, पण उतरला तर? जेवताना तिनं खिडक्यांना कुठल्या रंगाचे पडदे लावायचे ते सांगितलं. मामांनी मान हलवली आणि भाकरी अर्धी टाकून उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच.

रविवारी पाळकांनी साक्षीसाठी कोण उभं राहणार, असं विचारलं. मामा उठले तशी मागच्या बाकावर खसखस पिकली. "अंडी किती झाली मामा?"

"मागल्या सणाला मी हितं पंधरा सांगितली," मामा म्हणाले. "ती मोजणी चुकीची हाय. सगळ्यांची चौदानं वाढली, मग माझी वाढ एकच. मी नाणी मोजली, वाटा मोजला न्हाई. प्रभूच्या नावानं मी न झालेली वाढ सांगितली. माझ्या बोलण्यावर कुणी पैसा घालणार असंल तर घालू नका. आन् अक्का, तू तर न्हाईच."

खसखस थांबली. खजिनदार पाळकांच्या कानाला लागले, तशी मामा म्हणाले, "दशमांश परत मागत न्हाई. दिलं ते दिलं." आणि बसले. बसताना बाक चुकलं, शेजाऱ्यानं दंड धरला.

उपासना सुटल्यावर दयाबाई त्यांच्याजवळ आली.

"म्हंजी सूज," ती म्हणाली. "पेशंटचं वजन वाढतं, आन् अंगाला काय लागलेलं नसतं. तसलं."

"व्हय."

"किती दिवस माहीत होतं?"

"परवापासनं."

"आन् मी पडद्याचं बोलत हुते." तिनं पदरानं तोंड पुसलं. शिरूरच्या गाडीची वेळ मामा मनात आठवत होते, तिला सोडायला जायचं म्हणून.

"हौसरावांना इचार," दयाबाई म्हणाली, "एकच खोली देत्यात का. चूल तुझ्याकडं पेटवीन. पर किराणा निम्मा माझा, आन् त्याची मोजणी मी करणार."