तीव्र म्हणजे किती

हातात कुठलाही छापील कागद दिला की सिस्टर तो आधी उलटा करायच्या. मागची बाजू, मग तळाची बारीक अक्षरं आणि सगळ्यात शेवटी मजकूर. लसीकरणाचं पत्रक असो, औषधाच्या खोक्यातली घडी असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. पत्रिकेच्या तळाशी असलेलं छापखान्याचं नाव वाचून झाल्यावरच त्या नवऱ्या मुलाच्या नावाकडे वळत.

"कोणी लिवलं, कधी लिवलं, कोणाला विचारून लिवलं," त्या म्हणायच्या. "मंग काय लिवलं."

शेणव्याजवळच्या आमच्या गावात त्या उपकेंद्रावर नर्स होत्या. तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील: खांद्याला जड पिशवी, पायात रबरी चपला, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाच्या घरात कोण आजारी आहे हे पाठ. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती. मी शहापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल. त्या मला मास्तर म्हणत. "मी मास्तर नाही" असं दोनदा सांगून पाहिलं. "पुस्तकं राखतो तो मास्तरच," म्हणाल्या.

माझ्या पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग झाला, तेव्हा आमचा हा जुजबी परिचय घरोब्यात बदलला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तिला रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांबरोबर एक पत्रक होतं. गोळीमुळे अंगावर पुरळ येऊ शकतं, असं त्यात होतं. पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे: 'तीव्र पुरळ उठल्यास औषध थांबवून डॉक्टरांशी संपर्क साधावा.'

दहाव्या दिवशी पुरळ उठलं. नाक, गाल, छाती, पाठ. लाल पुटकुळ्या, टोकाला पांढरा पू. उशीला गाल टेकला तरी ती कण्हायची. मी पत्रक काढलं. तीव्र म्हणजे किती, हे कुठेच नव्हतं. हसाल तुम्ही, पण मी शब्दकोश उघडला. 'तीव्र: प्रखर, जहाल, असह्य.' बायकोकडे पाहिलं. तिन्ही अर्थ लागू होत होते.

पुरळाचं फोनवर ऐकून त्याच दिवशी धसईहून माझी थोरली मेव्हणी आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. एसटीतून उतरली ती हातात निंबाचे डहाळे घेऊनच. तिनं बहिणीचा चेहरा पाहिला आणि पायरीवरच हात जोडले.

"देवी आलीय," म्हणाली. "आता औषध बंद. औषधानं ती कोपते."

देवी आलेल्या घराचे नियम आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. आंघोळ नाही, घरात फोडणी नाही, अंथरुणाखाली निंबाचा पाला. मी शिकलेला माणूस. मी अडवायला हवं होतं. पण पत्रक म्हणत होतं थांबवा आणि आक्काही म्हणत होती थांबवा. दोघांचं एकमत झालेलं पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. संपर्क साधावा, हा वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी उद्यावर टाकत राहिलो. चार दिवस गोळी बंद होती. आक्का सकाळ-संध्याकाळ वाटलेला पाला बहिणीच्या अंगाला चोळत होती आणि कातडी आणखी सोलवटत होती.

पाचव्या दिवशी सिस्टर दारावरून जाताना थांबल्या. जेवणाची वेळ आणि घराला फोडणीचा वास नाही, एवढ्यावरून त्यांना कळलं.

आत येऊन त्यांनी आधी निंबाला नमस्कार केला. मग माझ्या पत्नीजवळ बसल्या.

"गोळी घेतेस ना गो?"

तिनं आक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, "देवीत गोळी कशी देनार बाय?"

"देवी गोळीच्या आधी आली का नंतर?"

"नंतर."

"आनि शेजारी कोनाला आली?"

"कोनाला नाय."

"आमच्या देवीला मी लहानपनापासून वलखते, आक्का. ती एका घरात येऊन गप बसनारी नाय, आळीभर फिरते. ही गोळीची खूण हाय. गोळी आत काम करते, ती भाईर दिसते."

मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पत्रक दिलं. उलटं झालं. मागची बाजू कोरी. तळाशी नाव नाही, तारीख नाही. फक्त एका मलमाचं चित्र आणि कंपनीचं चिन्ह.

"हा कागद मलम इकनाऱ्याचा," सिस्टर म्हणाल्या. "तीव्र म्हनजे किती, मास्तर?"

"लिहिलेलं नाही."

"मंग तुमी काय केलंत?"

शब्दकोश पाहिल्याचं मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी माझ्या पत्नीचाच तळहात धरला आणि हलकेच तिच्या छातीपासून सुरुवात केली. माणसाचा स्वतःचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. पाठीवर पोचेपर्यंत त्या मोठ्यानं मोजत होत्या. अकरा भरले. ताप पाहिला, डोळे पाहिले, तोंडात जखमा आहेत का ते पाहिलं. मग माझ्या मोबाइलवरून रुग्णालयाला फोन लावला. चौथ्यांदा एका तरुण डॉक्टरांनी उचलला. सिस्टरनी सगळं सांगितलं. तीस तळहातांच्या आत आहे आणि ताप नाही, म्हणजे तीव्र नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. गोळी आजपासून परत चालू, पुवासाठी कॅप्सूल, अंगाला एक साधं मलम, असं ठरलं.

"आनि डॉक्टर, तुमचं ते पत्रक कोनी लिवलं?"

"मॅडम, ते आधीपासूनच आहे."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आधीपासून म्हनजे कोनीच नाय."

मी इंटरनेटवरून तज्ज्ञांची तीन मार्गदर्शक पत्रकं उतरवून छापून आणली. जाडजूड, इंग्रजीत, संदर्भांसकट. मला वाटलं, आता सिस्टर खूश होतील. मी भाषांतर करत गेलो, त्या ऐकत गेल्या. एक म्हणत होतं, पुरळ उठण्याआधीच कॅप्सूल चालू करा. दुसरं म्हणत होतं, उठल्यावर. तिसरं दोन्ही बाजूंनी बोलत होतं.

"यात पेशंटला कोनी विचारलंय का?"

मी पानं चाळली. दोन पत्रकांत नाही. एकात, हो, एक ओळ होती.

"मंग तो वरती ठेवा."

त्यातलं 'उन्हात जाणे टाळावे' हे वाक्य ऐकून मात्र त्या उखडल्या. "आनि लावनी कोन करनार? हा लिवनारा येनार काय चिखलात?"

शेवटी आम्ही स्वतःच एक पान लिहायला बसलो. लिहिणारा मी, सांगणाऱ्या त्या, आणि परीक्षक आक्का. प्रत्येक वाक्य आक्काला वाचून दाखवायचं. तिच्या कपाळाला आठी पडली की खोडायचं. 'त्वचा आर्द्र ठेवावी' यावर आक्का म्हणाली, "म्हनजे घाम येऊ द्यायचा?" खोडलं. 'अंग सुकू देऊ नका, आंघोळीनंतर लगेच मलम लावा' असं झालं. निंबाचं वाक्य तिनंच सांगितलं: पाला दाराला लावा, अंगाला चोळू नका. उन्हात जावं लागलं तर डोकं, तोंड, हात सुती कापडानं झाका. गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. ताप आला, अंग सोललं किंवा पुरळ तीस तळहातांवर गेलं तर त्याच दिवशी फोन करा.

खोबरेल चालेल का, हे कुठेच सापडेना. त्या तरुण डॉक्टरांना विचारलं. त्यांनाही सांगता येईना.

"लिवा," सिस्टर म्हणाल्या, "खोबरेलाचं आमाला नक्की माहीत नाय."

"असं कसं लिहायचं?"

"माहीत नाय हे लिवायची लोकांना लाज वाटते, मास्तर. म्हनून कागद खोटे होतात."

तळाशी त्यांनी आम्हा तिघांची नावं घालायला लावली, आणि तारीख. आक्काला सही येत नव्हती. तिनं अंगठा दिला आणि धसईला जाऊन आठवडाभर सांगत सुटली की आपण डॉक्टरकीचा कागद लिहिला.

पुढची दोन वर्षं गोळी एक दिवसही चुकली नाही. पुरळ कमी-जास्त होत राहिलं, पण गेलं कधीच नाही. त्या दोन वर्षांत माझी पत्नी अंगणात बसून वाल सोलत असे, माझ्याकडून पुस्तकं वाचून घेत असे. मला आणखी काही मागायचं नव्हतं.

मग गोळीचा उपयोग होईनासा झाला. आजार पसरला होता. डॉक्टरांनी ती बंद केली आणि दुसरं काही देण्याजोगं तिच्या अंगात बळ नव्हतं.

गोळी थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत तिचा चेहरा निवळला. गाल गुळगुळीत झाले. आळीतल्या बायका येऊन म्हणायच्या, किती छान दिसतेस आता. ती हसायची. मी उठून मागच्या दारी जायचो.

सिस्टर त्याच सुमारास निवृत्त झाल्या आणि दूर, लेकीकडे राहायला गेल्या. तिकडेच गेल्या वर्षी वारल्या. मला ते महिन्यानं कळलं. गाव सोडायच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्यांदाच गणवेशात नव्हत्या, हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. बराच वेळ त्या दाराशी उभ्या राहून माझ्या पत्नीच्या स्वच्छ चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, तिलाही.

"दोन वर्षं कपाळाला काही लावलं नाही," ती म्हणाली. "आग व्हायची. आता होणार नाही."

सिस्टरनी देवळीतली कुंकवाची कोयरी घेतली. एका हातानं तिची हनुवटी धरली आणि करंगळीनं हळूच कुंकू लावलं. मग मान मागे घेऊन पाहिलं.

"जरा डावीकडं गेलं काय गो?"

"असू दे," ती म्हणाली.