झुंबर कोणी धरलं होतं?

भूत, करणी, बाहेरचं... हे विषय निघाले की मी चहा करायला उठणारा माणूस. व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर. त्यामुळे हे लिहितोय ते थोडं लाजतच. पण घडलं ते असं -

वारज्यातला आमचा फ्लॅट, सहावा मजला, नवीन बिल्डिंग. आमच्या आधी तिथे कोणीही राहिलेलं नाही. बायकोने, सायलीने, बुधवार पेठेतून पितळी झुंबर आणलं. एकट्याला जेमतेम उचलेल इतकं जड! इलेक्ट्रिशियन रविवारी यायला तयार नाही, म्हणून मेव्हणा नीलेश आणि मी, आम्हीच लावायचं ठरवलं.

दुपारची वेळ. स्लॅबला ड्रिलने भोक पाडून लोखंडी फासनर ठोकला, त्यात हुक आवळला. नीलेश त्याला चक्क लोंबकळला. हुक हललासुद्धा नाही.

मग मी टेबलावर उभा राहून झुंबर दोन्ही हातांनी वर उचललं. शेजारी शिडीवर नीलेश, कडी हुकात अडकवायला. खाली सायली शिडी धरून - बरोबर झुंबराच्या खाली. खांदे भरून आले होते. तेवढ्यात वरून सिमेंटची धूळ डोळ्यांत गेली, आणि त्याच क्षणी वजन एकदम हलकं झालं. कडी अडकली असं समजून मी हात सोडले, डोळे चोळले.

"बसलं ना रे?"

मी डोळे पुसत पुन्हा हाक मारली.

"नीलेश?"

"दाजी..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी धरलंच नाहीये."

वर पाहिलं. त्याचे दोन्ही हात शिडीवर. कडी हुकाच्या वीतभर खाली. आणि झुंबर मधल्यामध्ये... हवेत. पंखा बंद. एकही लोलक हलत नव्हता.

"झालं का? मान अवघडली माझी," खालून सायली. धूळ नको म्हणून ती मान खाली घालून उभी होती.

"सायली, बाजूला हो."

"का?"

"हो म्हणतो ना!"

ती सरकली, आणि वर काहीतरी कडकन वाजलं. हुक, फासनर, काँक्रीटचा हा एवढा तुकडा - सगळं झुंबराला चाटून ती उभी होती तिथे येऊन आदळलं. झुंबर मात्र तसंच.

मला पळायचं होतं. पण शेवटी हात पुढे केले, बुडाशी लावले. आणि वजन आलं. पण एकदम नाही... सावकाश. जड वस्तू हातात देताना, समोरच्याने नीट धरलीय ना हे बघून माणूस हळूहळू हात काढून घेतो ना - अगदी तसं.

नंतर बिल्डरच्या इंजिनिअरने पाहून सांगितलं, त्या जागी स्लॅब आतून पोकळ राहिलाय. म्हणजे हुक का पडला ते कळलं. झुंबर का नाही पडलं, हे त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सायली म्हणते, "तुमच्या डोळ्यांत धूळ होती."
मान्य. पण नीलेशच्या नव्हती. त्या दिवसापासून तो आमच्याकडे जिन्यातूनच बोलून जातो.

"वाचले ना मी? मग घाबरता कशाला?" असंही ती विचारते.

तिला कसं सांगू? हात काढून घेताना झुंबर धरणाऱ्याची बोटं माझ्या बोटांना लागली होती. गार नव्हती हो... कोमट होती.