ठेवलेली अंडी किती?

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका गावात डॉर्लीन हकबीला कुणी हुशार म्हणत नसे, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नसे. एकतीस वर्षं ती हॅचरीत, म्हणजे कोंबडीची अंडी उबवायच्या कारखान्यात, अंडी तपासत होती. अंधाऱ्या खोलीत अंडं दिव्यासमोर धरायचं, आत जीव धरला असेल तर ठेवायचं, नसेल तर बाजूला काढायचं. महिनाअखेर फळ्यावर आकडे लिहायचं कामही तिच्याकडेच. एकदा नव्या साहेबानं सुचवलं, "बाजूला काढलेली अंडी हिशेबात धरूच नकोस ना, डॉर्लीन. शंभराला पंच्याण्णव पिल्लं दिसतील."

"दिसतील की. पण निघालीत ऐंशीच," ती म्हणाली, आणि उबवणीच्या मशीनमध्ये मुळात अंडी किती ठेवली होती तेही मोठ्या अक्षरांत लिहून मोकळी झाली. साहेब वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिची लेक टेसा मात्र चुणचुणीत. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर, आशा सोडून दिल्यावर झालेली एकुलती एक पोर. हॅचरीत पाय फाकलेली पिल्लं निघत, ती टेसा लहानपणापासून घरी आणायची आणि पट्टीनं त्यांचे पाय बांधून ठेवायची. चार दिवसांनी पिल्लू उभं राहिलं की घरभर नाचायची. तेव्हापासून डॉक्टर व्हायचं वेड. आधी चार वर्षं कॉलेज, मग अर्ज, मग मेडिकल, असा तो लांबचा रस्ता. आणि पहिलंच पाऊल कुठं टाकायचं यावर घर अडलं होतं. एप्रिल आला तेव्हा दोन कॉलेजं उरली होती. एक चाळीस मिनिटांवरचं साधं सरकारी, दुसरं साडेपाच तासांवरचं, शेजारच्या टेनेसी राज्यातलं, बडं. शिष्यवृत्ती दोघांनीही देऊ केली होती. एक मेच्या आत होकार कळवायचा होता.

टेनेसीच्या कॉलेजनं प्रवेश मिळालेल्यांना पालकांसह बोलावलं. नवरा ट्रक घेऊन टेक्सासला गेलेला, म्हणून मायलेकीच गेल्या. विटांच्या जुन्या इमारती, हिरवळ, बिस्किटांवरसुद्धा कॉलेजचं चिन्ह. टेसाचे डोळे चमकत होते. सभागृहात बो-टाय लावलेले एक सर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडून मेडिकलला अर्ज करणाऱ्या शंभरातल्या ब्याण्णवांना प्रवेश मिळतो." पालकांत कौतुकाची कुजबुज झाली.

डॉर्लीननं हात वर केला. टेसानं तिची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"सर, पहिल्या वर्षी किती असतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनमध्ये ठेवलेली अंडी किती?"

सभागृह खो खो हसलं. सरांनी मात्र उत्तर दिलं, तेवढा माणूस सरळ होता. सुरुवातीला तीनशेच्या आसपास मुलं येतात. बरीच दुसऱ्या विषयाकडे वळतात. कॉलेजची समिती ज्यांना शिफारसपत्र देते ती साठ, आणि पत्राशिवाय अर्ज करण्यात अर्थ नसतो. साठातली पंचावन्न जातात.

तीनशेतली पंचावन्न. म्हणजे शंभरात अठरा. डॉर्लीनचा हिशेब बसल्याजागी झाला.

गाडीत टेसाचा बांध फुटला. "सगळ्यांदेखत माझी शोभा केलीस! आकड्यांचं नुसतं निमित्त आहे, मम्मा. तुला मी जवळ हवीय, म्हणून चाललंय हे."

डॉर्लीन गाडी चालवत राहिली. पोरीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. टेसाची खोली रिकामी होणार, हा विचार जानेवारीपासून तिची पाठ सोडत नव्हता.

पुढच्या मंगळवारी कामाची पाळी संपवून ती एकटीच जवळच्या कॉलेजात गेली. जीवशास्त्राच्या बाई कार्यालयात सँडविच खात होत्या. त्यांनाही तिनं तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "चाळीस येतात बघा. सोळा अर्ज करतात, आठ जातात. पत्र आम्ही मागेल त्याला देतो."

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती कागदावर आकडे मांडायला लागली. टेनेसीचे तिन्ही आकडे लिहून झाले. मग पेन थांबलं. सोळातले आठ म्हणजे निम्मे! म्हणजे शंभरात पन्नास, आणि समोर टेनेसीचे अठरा. खोटं एक अक्षरही नाही, फक्त तो चाळीसचा आकडा लिहायचा नाही. की पोर इथंच राहील, रविवारी चर्चहून आल्यावर जेवायला असेल, ताप आला तर हाताशी असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पेन दोनदा टेकलं, दोनदा उचललं. तिसऱ्यांदा तिनं चाळीस लिहिलं, फळ्यावर लिहायची तसंच, मोठ्या अक्षरांत.

टेसानं कागद ओढून घेतला आणि हिशेब केला. "टेनेसीत शंभरात अठरा, इथं वीस. म्हणजे सारखंच की."

"जवळपास."

"मग मी टेनेसीला जाऊ?"

"तुला आवडलंय ना? जा. आणि त्या दिवशी गाडीत म्हणालीस ते खरं होतं. तू जवळ हवीस मला. पण ते माझं मी बघेन. तू ते हिशेबात धरू नकोस."

टेसाचा आवाज बारीक झाला. "आणि तिथं मला बाजूला काढलं तर?"

"बाजूला काढलेलं अंडं संपतं. तू काय अंडं आहेस? दुसरं काहीतरी होशील, आणि माझीच राहशील."

टेसा पुन्हा कागदाकडे वळली. तिनं चाळीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा एवढा आकडा लिहिला नसतास ना, मम्मा, तर मी इथंच राहिले असते."

"ठाऊक होतं मला," डॉर्लीन म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू मग तिला आवरेना.