हुलगीची पाठ आणि अप्पांच्या चादरी

सोलापूर संपतं तिथे, मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याची एक पागा आहे. मालक शिवलिंगप्पा, सगळ्यांचे अप्पा. नवी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान आहे. घोड्यांची हौस दांडगी, पण स्वतः ते कधी घोड्यावर बसलेले नाहीत. मुलांना घोडेस्वारी आणि अडथळ्यावरून उडी मारायला शिकवते ती ऋतुजा. वय चौतीस.

ऋतुजा मेंढपाळाची मुलगी. वडील मायाप्पा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हा बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असायचं. भांडी, जाळी, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर ऋतुजा. पुढे पुण्यातल्या एका पागेत कामाला राहून ती उडी शिकली. पोरीच्या जातीनं घोडा उडवून काय करायचं, असं भावकीनं विचारलं. तिनं नोकरी सोडली नाही.

अप्पांच्या पागेत चार घोडे आहेत. तीन शर्यतीतून निवृत्त झालेले, उंच, खांद्यामागचा उंचवटा टोकदार. चौथी हुलगी. ही अप्पांनी मायाप्पांकडून घेतली. रंग हुलग्याचा, अंगानं बुटकी, पाठ पाटासारखी रुंद. उडीसाठीचं जीन मात्र एकच, तेही उंच घोड्यांच्या मापाचं.

गेल्या हिवाळ्यात हुलगी बिघडली. जिनाचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळताना चावायला येऊ लागली, आडव्या दांडीपुढे येऊन पाय रोवू लागली. अप्पांचा उपाय ठरलेला होता.

"टोचतंय काय? घाल की खाली एक चादर. दुकानात काय कमी हायत?"

ऋतुजानं घातली. वडीलही ओझ्याखाली घोंगडी दुमडून घालायचे. एकीनं भागेना म्हणून दुसरी घातली, मग तिसरी. हुलगी आणखी बिघडली. अप्पांनी तिला नाठाळ ठरवलं आणि ती विकून टाकायला वरातीला घोडी पुरवणाऱ्या शहाजीला रविवारी बोलावलं. त्याच दिवशी नवं जीन दाखवायला पुण्याचा विक्रेता येणार होता.

आदल्या दिवशी ऋतुजानं हुलगीला बराच वेळ पळवलं आणि जीन उतरवलं. पाठ घामानं निथळत होती. खांद्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे डाग मात्र कोरडे होते. जीन तिथे इतकं दाबत होतं की घामही फुटला नव्हता. तिनं बोट टेकवलं. हुलगी खाली दबली. ऋतुजानं तिन्ही चादरी उचलून कुंपणावर फेकल्या.

रविवारी विक्रेत्यानं आधी तपकिरी, चकाकणारं चामड्याचं जीन काढलं. "हे कुठल्याही घोड्याला बसतं, मॅडम." तिन्ही उंच घोड्यांवर ते झकास बसलं. हुलगीवर ठेवलं तर पुढून वर उचललं गेलं, मागे कललं. ऋतुजानं जीन आणि खांदा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. जात नव्हती.

"तिघांना बसलं की," अप्पा म्हणाले. "हिच्याखाली घाल एक चादर..."

"अप्पा, चप्पल तंग झाली म्हनून तुमी आत जाड मोजे घालता व्हय?"

विक्रेता हसला. अप्पा हसले नाहीत.

दुसरं जीन काळं, रेक्झिनचं. त्याच्या पुढच्या भागातली लोखंडी कमान किल्लीनं स्क्रू सोडवून बदलता येत होती. अरुंद घोड्याला अरुंद, रुंद घोड्याला रुंद.

"रेक्झिन? माझ्या पागेत?"

"घोडी काय दुकानात गिऱ्हाइकापुढं बसणार हाय?" ऋतुजानं सगळ्यात रुंद कमान लावली. जीन हुलगीच्या पाठीवर सपाट टेकलं. या वेळी तंग आवळताना हुलगीनं कान पाडले, पण तोंड वळवलं नाही.

ऋतुजानं तिला दांडीवर घातलं. हुलगी दांडीपुढे आली आणि पाय रोवून उभी राहिली.

"झालं की!" शहाजी पुढे आला. "द्या दोर, ताई."

"हात लावायचा न्हाय," ऋतुजा वरूनच म्हणाली. "जीन बदललंय ते तिला अजून कुटं म्हाईत हाय?"

तिनं दांडी जमिनीवर ठेवायला लावली. हुलगीला त्यावरून चालवलं, मग दुडकवलं. दांडी घोट्याएवढी वर केली, मग गुडघ्याएवढी. हुलगीनं एकदा फुरफुर केली आणि पलीकडे गेली. दुसऱ्या फेरीला न थांबता गेली.

"ही उडी?" अप्पा म्हणाले. "एवढी तर माझा नातू मारतोय."

"मग उद्याच्यापास्नं त्यालाच लावा शिकवायला. हुलगी गेली तर मी बी चालले."

अप्पांनी ऋतुजाकडे पाहिलं, शहाजीकडे पाहिलं. सकाळच्या तुकडीला बारा मुलं येत होती, आणि त्यांना शिकवणारं पागेत दुसरं कुणी नव्हतं.

"काळं ठेवा," ते विक्रेत्याला म्हणाले.

शहाजी जागचा हलला नाही. "घोडी न्हाय तर न्हाय, अप्पा. कुंपणावरच्या त्या चादरी तरी द्या. वरातीत लई शोभतील."

"दुकानात ये," अप्पा म्हणाले.

हुलगी अजून उंच दांडीपुढे थबकते. ऋतुजा चाबूक उगारत नाही आणि तिला माघारीही नेत नाही. दांडी उतरवते आणि तिथूनच पुन्हा घालते. घोड्यागणिक ती स्वतः कमान बदलते, मुलांना वाट पाहायला लागली तरी. कमानीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिनं गळ्यात घातली आहे. मालक म्हणून अप्पांनी ती दोनदा मागून पाहिली.

"आदी हुलगीवर बसून दाखवा," ती म्हणते, "मग देती."

अप्पा अजून बसलेले नाहीत.