खेळात वारा नव्हता

माझ्या मेहुण्याने कुवेतहून ट्रान्झिस्टर आणावा अशी घरच्यांची अपेक्षा होती; त्याने माझ्यासाठी खेळाचं खोकं आणलं. आत अंगठ्याएवढी शिशाची अवकाशयानं, चांदण्या छापलेला काळा पट, फासे आणि इंग्रजी नियमांची पुस्तिका. यानांनी एकमेकांच्या मागे लागून गोळ्या घालायच्या, असा एकूण मामला. मी हायस्कुलात गणित शिकवायचो आणि गावातल्या साप्ताहिकात बुद्धिबळ-कॅरमच्या स्पर्धांवर लिहायचो, म्हणून संपादक म्हणाले, "मास्तर, याचंही परीक्षण होऊन जाऊ दे." मला कोणी 'लिही' म्हणायचीच खोटी.

खेळायला जोडीदार हवा होता. ऐंशीच्या दशकातला तो एक पावसाळा, मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाडा बंदरावरचा माझा शाळासोबती दुपारचा मोकळा असायचा. तो स्वतःच्या बोटीचा तांडेल, बोट हाकणारा. नियम एकदा सांगितला की पुन्हा विचारायचा नाही. दोघांनी आपापल्या चाली कागदावर लपवून लिहायच्या आणि एकदम उघड करायच्या. माझं यान कुठे वळणार हे त्याला माझ्याआधी कळे. पाचांपैकी चार डाव तो जिंकायचा आणि मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पुस्तिकेत एक नियम होता. इंजिन गेलेल्या यानावर लाल चकती ठेवायची. दुसरं यान त्याला ओढून नेऊ शकतं, पण मग त्याचा वेग अर्धा, आणि त्याला गोळी झाडता येत नाही. मी मनात म्हटलं, आता सापडलास. बंदरावरची रीत अशी की समोरच्या बोटीवर फडकं हलताना दिसलं, की आपलं जाळं तोडून टाकावं लागलं तरी तिला ओढून आणायचं, मग ती वैऱ्याची का असेना. हा तांडेल ओढायला येणारच. मी त्याचं एक यान मोडलं आणि माझी सगळी यानं त्याच्याभोवती दबा धरून ठेवली.

तो आला नाही. मोडकं यान तिथेच सोडून त्याने मला मागून गाठलं आणि डाव जिंकला.

"तांडेल ना रे तू?" मी चिडून म्हणालो. "ओढायला नाही आलास?"

तो त्या लाल चकतीकडे बघत होता. "गेलो असतो तर दोन्ही गेली असती," म्हणाला. "वारा दक्षिणेचा. दोरी टिकली नसती."

खेळात वारा नव्हता. दोरीही नव्हती. मला वाटलं, गडी रंगात आलाय. असं वाक्य हाती लागल्यावर लिहिणाऱ्याला धीर कुठला? मी परीक्षण लिहिलं: खेळ चुरशीचा, नियम किचकट, शिशाचं काम सुबक, आणि शेवटी गंमत म्हणून, मिरकरवाड्यातल्या माझ्या तांडेल मित्राचं ते बोलणं जसंच्या तसं. त्याला विचारलंही नाही.

त्याच वर्षी, पाऊस लागायच्या तोंडावर, हंगामाच्या शेवटी, एक बोट तीन माणसांसकट परतली नव्हती. त्या दिवशी तिच्या सगळ्यांत जवळ माझा मित्र होता, आणि आपल्याला काहीच दिसलं नाही, असं त्याने बंदरावर सांगितलं होतं. हे मला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं. गणित शिकवणाऱ्या मला मात्र दोन आणि दोन जुळवता आले नाहीत.

बंदराने जुळवले. अंक निघाल्यावर त्या तिघांतल्या एकाची आई माझ्या दारात आली. सुक्या मासळीची पाटी पायरीवर ठेवून तिने पदराखालून अंक काढला.

"मास्तरानू, मला वाचता येत नाय. काय लिवलाय, ता वाचून दाखवा."

मी ती ओळ गाळू शकलो असतो. एवढी अक्कल तोवर आली होती. पण ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी वाचलं.

"वारा दक्षिणेचा, असा बोलला?"

"हो."

"त्या दिवशी दक्षिणेचाच व्हता," ती म्हणाली, आणि पाटी उचलून गेली.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या. माझ्या मित्राच्या बोटीवर एकही खलाशी चढला नाही. कोणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं कोणी चढलं नाही. महिन्याभरात त्याने बोट विकली आणि मुंबईला कुठल्याशा गोदामावर पहारेकरी म्हणून जायचं ठरवलं.

निघण्याच्या आदल्या दुपारी तो माझ्याकडे आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "पट मांड."

चौथ्या चालीला त्याचं एक यान मोडलं. मी चकती ठेवली. या खेपेला तो वळला. हातात आलेला डाव सोडून त्याने दुसरं यान मागे नेलं, मोडक्याला बांधलं आणि अर्ध्या वेगाने निघाला. माझी तीन यानं त्याच्या मागावर होती. मी हात आखडला.

"सरळ खेळ," तो म्हणाला.

"नको रे."

"सरळ खेळ बोललो ना."

मी फासे टाकले. दोन्ही गेली. मला वाटलं होतं, आता तरी त्याला थोडं बरं वाटेल. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्याचं तोंड आणखीच उतरलं.

"तरी जायला हवं व्हतं," तो म्हणाला. "आता हे पण छाप."

मी छापलं नाही. त्या म्हातारीला पुन्हा वाचून दाखवावं लागेल, या भीतीने छापलं नाही. आज लिहितोय, तर ऐकायला ती उरलेली नाही, आणि तोही नाही.