राहू दिलेली चूक

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एक बाई बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवतात. मी मदतीला बसतो. कुणी चुकलं की बाई खुशीत वही उघडतात. "थांबा, ही चूक आली कुठून, बघू!" एकही सोडत नाहीत.

एक तमिळ तरुण मराठी मैत्रिणीला मागणी घालायला निघाला होता. तिच्या वडिलांसमोर म्हणायचं वाक्य त्याने आधी आम्हाला ऐकवलं, "मी तुमच्या मुलीला आवडतो." त्याला म्हणायचं होतं, 'मला तुमची मुलगी आवडते.'

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझा हात दाबला. "छान. अस्संच म्हणा."

पुढचं त्यानेच सांगितलं. वडील म्हणाले होते, "ते कळलंय आम्हाला. तुमचं काय?" सगळं घर हसलं आणि लग्न ठरलं.

ते वाक्य बाईंनी साखरपुडा झाल्यावर सुधारून दिलं.